बाईंची निळी पिशवी : एका फसवणुकीच्या पोटात दुसरी

पोस्टाच्या खिडकीपलीकडच्या माणसाने एवढंच विचारलं, “बाई, मोडताय कशाला? व्याज चांगलं चाललंय की.”

ही ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. बाई तेव्हा ७३ वर्षांच्या होत्या. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले पाच लाख मुदतीआधी काढायला त्या आल्या होत्या. खातं उघडून दोन वर्षं उलटली होती, म्हणजे एक टक्का कपात, पाच हजार रुपये हातचे जाणार. “घरात काम निघालंय,” असं त्यांनी सांगितलं आणि सांगतानाच त्यांना रडू आलं. त्या कर्मचाऱ्याने फॉर्म पुढे सरकवला नाही. त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा पत्ता एका पावतीच्या मागे लिहून दिला. त्या प्रश्नामुळे एक लाख चाळीस हजार रुपये वाचले. तो प्रश्न विचारणं त्याच्या कामात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मी विम्याच्या धंद्यात एकतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर सांगलीत, विश्रामबागेतल्या संघात दर बुधवारी कागदपत्रांच्या टेबलाशी बसतो. बाई माध्यमिक शाळेत गणित शिकवायच्या. गावात सगळेच त्यांना बाई म्हणतात, मीही तेच म्हणतो. हे लिहायची परवानगी त्यांनी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी काढून टाकलेत. कागद आणि आकडे मात्र होते तसेच आहेत.

पिशवीतले कागद

त्या बुधवारी बाईंनी टेबलावर एक निळी नायलॉनची पिशवी ठेवली. आत लिफाफे होते. काही फोडलेले, बरेचसे न फोडलेले. मी ते तारखेप्रमाणे लावायला घेतले आणि अर्ध्या तासात गोष्ट उलगडत गेली. पण बाईंनी फोनची गोष्ट आधी सांगितली होती आणि कागद सांगत होते की सुरुवात फोनच्या अडीच वर्षं आधी झाली होती.

मार्च २०२२. बाईंची सहा लाखांची मुदत ठेव पूर्ण झाली होती. ती पुन्हा ठेवायला त्या बँकेत गेल्या. मार्चअखेर म्हणजे बँकेतल्या माणसांच्या डोक्यावर विमा विक्रीचं लक्ष्य लटकत असतं. एका तरुण अधिकाऱ्याने त्यांना केबिनमध्ये नेलं, चहा मागवला. “काकू, एफडीला आता काय मिळतं? ही योजना बघा. पैसे एकदाच भरायचे, पाच वर्षांनी काढायचे, आणि नातवाच्या नावाने राहतील.” बाईंनी जिथे खुणा होत्या तिथे सह्या केल्या.

प्रत्यक्षात घेतल्या गेल्या त्या दोन आयुर्विमा पॉलिसी. प्रत्येकीचा हप्ता दरवर्षी तीन लाख. हप्ते भरायची मुदत सात वर्षं. विमा उतरवला होता अकरा वर्षांच्या नातवाच्या आयुष्यावर, प्रस्तावक, म्हणजे विमा मागणाऱ्या, बाई. म्हणजे ३१ हजार रुपये महिना पेन्शन घेणाऱ्या, वर्षाला तीन लाख बहात्तर हजार उत्पन्न असलेल्या सत्तरीच्या बाईने दरवर्षी सहा लाख भरायचं कबूल केलं होतं. प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्याच्या अर्जावर, त्यांचा व्यवसाय ‘स्वतःचा धंदा’ आणि वार्षिक उत्पन्न चौदा लाख असं छापलेलं होतं. तो फॉर्म बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या टेबलावर वाचला.

पॉलिसीचे दस्त एप्रिलमध्ये कुरिअरने आले. तो लिफाफा फोडलेलाच नव्हता. आत पहिल्याच पानावर लिहिलं होतं की पसंत नसल्यास पंधरा दिवसांत पॉलिसी परत करा. या मुदतीला फ्री लूक म्हणतात. १ एप्रिल २०२४ पासून ती सगळ्यांसाठी तीस दिवसांची झाली आहे. दस्त हातात पडल्यापासून ती मोजतात, सही केल्यापासून नाही. घरात एखादा म्हातारा माणूस असेल आणि कुरिअरने जाड लिफाफा आला असेल, तर तो त्याच दिवशी, त्याच्यासमोर बसून फोडा. मी हे कितीदा सांगितलं असेल, पण या एका सवयीने जेवढे पैसे वाचतील तेवढे कोणत्याही तक्रार अर्जाने वाचणार नाहीत.

मार्च २०२३ मध्ये मोबाईलवर मेसेज आला : सहा लाख देय. बाई बँकेत धावल्या. तो अधिकारी बदलून गेला होता. नव्या माणसाने संगणकात पाहिलं आणि म्हणाला, “दरवर्षी भरायचेच आहेत. नाहीतर पहिले पैसे जातील.” हे मात्र खरं होतं. त्या पॉलिसींच्या अटींप्रमाणे दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम, मिळत नसे. बदललेल्या नियमांप्रमाणे, ऑक्टोबर २०२४ पासून, पूर्ण एक वर्षाचा हप्ता भरलेल्याला वर्ष सरल्यावर काही रक्कम मिळू शकते. बाईंच्या वाट्याला ते आलं नाही.

त्या घरी आल्या आणि कुणालाच काही बोलल्या नाहीत. या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट हीच. दीड वर्ष त्या एकट्याच हिशेब करत राहिल्या. कसंतरी करून हप्ता भरता येतो का, हे पाहायला त्यांनी घरखर्च कमी केला, आणि २०२३ मध्ये आपली चौदा वर्षं चालू असलेली आरोग्य विम्याची पॉलिसी सोडून दिली. वर्षाचे अडतीस हजार वाचवायचे म्हणून. हप्ता उशिरा भरायचे सवलतीचे तीस दिवसही निघून गेले. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही त्या जुन्या पॉलिसीत केव्हाच समाविष्ट झाले होते. ते चौदा वर्षांचं सातत्य एका वर्षात संपलं. नको असलेल्या विम्याच्या धास्तीने बाईंनी हवा असलेला विमा घालवला.

मी विचारलं, मुलाला का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, “मी मुलांना उदाहरणाखाली रेघ मारायच्या आधी ताळा करायला शिकवलं हो. मीच ताळा केला नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू?”

फोन

ऑगस्ट २०२४ मध्ये पहिला फोन आला. बोलणारा हिंदीत बोलत होता, अदबीने. आपण हैदराबादहून, विमा नियामक प्राधिकरणातून बोलतोय, असं त्याने सांगितलं. प्राधिकरणाचं मुख्यालय खरोखरच हैदराबादला आहे, आणि बाईंना ते ठाऊक होतं. त्याने दोन्ही पॉलिसींचे क्रमांक, हप्त्याची रक्कम, तारीख, सगळं बरोबर सांगितलं. “तुमची फसवणूक झालीय मॅडम. त्या बँकेवर कारवाई चालू आहे. तुमचे पैसे व्याजासह ९ लाख ४० हजार मंजूर झालेत.”

दीड वर्षात कुणीतरी पहिल्यांदा त्यांना म्हणालं होतं की चूक तुमची नाही. हे वाक्य घरातल्या कुणाच्या तोंडून आधी आलं असतं, तर या फोनला बाईंच्या मनात जागाच मिळाली नसती.

बंद पडलेल्या पॉलिसींच्या याद्या विकल्या जातात. ज्याला एकदा गळ्यात पॉलिसी मारली आहे त्याला पुन्हा गाठणं सोपं असतं, कारण त्याच्याकडे गेलेले पैसे आहेत आणि ते परत मिळवायची इच्छा आहे. पॉलिसी क्रमांक माहीत असणं हा खरेपणाचा पुरावा मुळीच नाही. पण बाईंना तो वाटला, आणि मला वाटतं पुष्कळ सुशिक्षित माणसांना वाटेल.

मग पैसे मागणं सुरू झालं. आधी फाइल उघडायचे १८,५०० रुपये. मग जीएसटीचे ३२ हजार. मग टीडीएसचे ५४ हजार. मग आरबीआयच्या ना हरकत दाखल्याचे ९६ हजार. शेवटी ‘चेक विभागा’चे ६२ हजार. सात आठवड्यांत एकूण २ लाख ६२ हजार ५०० रुपये, प्रत्येक वेळी वेगळ्या खात्यात, आणि प्रत्येक खातं कुणा ना कुणा व्यक्तीच्या नावाचं. दरवेळी व्हॉट्सअ‍ॅपवर राजमुद्रेचं पत्र यायचं. सहावी मागणी एक लाख चाळीस हजारांची होती. तिच्यासाठी बाई पोस्टात गेल्या होत्या.

यातल्या एकेका नावाकडे नीट पाहायला हवं. टीडीएस म्हणजे उगमस्थानी कपात. जो पैसे देतो तो कापून उरलेले देतो. घेणाऱ्याने आधी भरायचा टीडीएस कुठल्याही कायद्यात नाही. जीएसटी विमा विकत घेताना लागायचा, परतावा घेताना कधीच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर तो उरलेलाच नाही. नियामक प्राधिकरण विमा विकत नाही, बोनस जाहीर करत नाही, कुणाचे पैसे स्वतः परत करत नाही. विमा लोकपालांकडे, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनी यांच्यातले वाद सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, तक्रार करायला एक रुपयाही फी नाही. बाईंना टक्केवारीची गणितं तोंडी येत होती, पण टीडीएस या शब्दाचा अर्थ त्या क्षणी आठवला नाही. भीती आणि आशा एकत्र आल्या की असं होतं. बुद्धी कमी पडली, असं मी तरी कुणाला म्हणू देणार नाही.

आम्ही तिथूनच १९३० ला फोन लावला. सायबर गुन्ह्यांची ही राष्ट्रीय मदतवाहिनी. शेवटचे ६२ हजार चार दिवसांपूर्वी गेले होते. पैसे गेल्यावर पहिले काही तास फार मोलाचे असतात, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळत असतो आणि वाटेत जिथे सापडेल तिथे गोठवता येतो. चार दिवसांनंतरही २१,४०० रुपये एका खात्यात अडकलेले सापडले. पोर्टलवर तक्रार नोंदवली, मग जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात गेलो. फसवणूक आणि तोतयेगिरीची कलमं लागली : भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आणि ३१९(२), शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड. गोठवलेली रक्कम न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने मे २०२५ मध्ये बाईंच्या खात्यात आली. बाकीचे दोन लाख एकेचाळीस हजार शंभर रुपये आलेले नाहीत.

बँकेने भरपाई द्यावी असं मुलाचं म्हणणं होतं. अनधिकृत व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवला तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक सांगत होतं, ते त्याने वाचलं होतं. पण ते आपल्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी होतं. इथे प्रत्येक व्यवहार बाईंनी स्वतः केला होता. ही वाट बंद होती, आणि मी ते त्याला स्पष्ट सांगितलं.

मुलगा

मुलगा नाशिकहून आला. चांगला माणूस आहे, आईवर जीव आहे. पण खोलीत शिरल्या शिरल्या त्याच्या तोंडून निघालं, “आई, तुला एवढं कळायला नको होतं का?” त्यानंतर तासभर बाई एक शब्द बोलल्या नाहीत. पाचपैकी दोन व्यवहारांच्या तारखा मला हव्या होत्या. त्या मला दुसऱ्या दिवशी, तो नसताना मिळाल्या.

मी त्याला खाली चहाला नेलं. त्याच्या डोक्यावर घराचं कर्ज, मुलाचं शिक्षण, आणि आता ही धास्ती की आई उद्या राहतं घरसुद्धा लिहून देईल. त्याचा उपाय ठरलेला होता. आईचा फ्लॅट बक्षीसपत्राने आपल्या नावावर करून घ्यायचा आणि बँकेसाठी सर्वसाधारण मुखत्यारपत्र घ्यायचं. “तिच्या नावावर काही राहिलंच नाही तर कोण काय लुबाडणार?” मुलाला राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक फक्त दोनशे रुपये, हेही त्याने काढून ठेवलं होतं.

माझं मत मी त्याला तिथेच सांगितलं. बक्षीसपत्र नोंदवलं की त्या क्षणी मालकी जाते आणि सहजासहजी परत येत नाही. मृत्युपत्र माणूस जिवंत असेपर्यंत नुसता कागद असतो, कितीदाही बदलता येतो. ज्या बाईचा आत्मविश्वास नुकताच मोडलाय, तिच्या हातून घरही काढून घेतलं तर ती कुणापुढे उभी राहील? आणि मुखत्यारपत्राचं सांगायचं तर, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की आपल्याकडच्या करार कायद्याप्रमाणे ते संपतं. म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हा ते उपयोगी पडत नाही, आणि तोवर मात्र तो कोरा चेक असतो.

त्याला राग आला. येणारच. पण त्याने एक गोष्ट केली, ती मी विसरणार नाही. वर गेल्यावर तो आईजवळ बसला आणि म्हणाला, “मला पहिल्या वर्षीच सांगितलं असतंस तर मी ओरडलो असतो ना?” बाई म्हणाल्या, “हो.” तो म्हणाला, “चुकलंच माझं.”

लोकपालांपुढे

चोरांनी नेलेले पैसे जवळजवळ गेलेच होते. पण पहिले सहा लाख विमा कंपनीकडे होते, पत्ता असलेल्या, नियामकाला उत्तर देणाऱ्या कंपनीकडे. मला सगळी आशा तिथे होती.

अडीच वर्षं उलटल्यावर तक्रार चालेल का? विमा लोकपाल नियम २०१७ प्रमाणे आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. कंपनीने ती फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिलं नाही, तर तिथून एक वर्षाच्या आत लोकपालांकडे जाता येतं. बाईंनी आजवर कंपनीला लेखी काहीच कळवलं नव्हतं, सगळं तोंडी. म्हणून ते वर्ष सुरूच झालेलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र पाठवलं, नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवरही नोंद केली. प्रपोजल फॉर्मची पूर्ण प्रत आणि कंपनी ग्राहकाला करते त्या पडताळणी कॉलचं रेकॉर्डिंग मागितलं. नोव्हेंबरमध्ये ठरलेलं उत्तर आलं : फ्री लूक मुदत संपली, सह्या आपल्या आहेत. डिसेंबरमध्ये पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज गेला. आमचा जिल्हा त्यांच्या कक्षेत येतो. पन्नास लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही.

सुनावणी एप्रिल २०२५ मध्ये व्हिडिओवर झाली. मला बोलता येणार नव्हतं, मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो. कंपनीने रेकॉर्डिंग लावलं. “प्रीमियम दरवर्षी भरायचा आहे, माहीत आहे ना?” “हो.” बाईंचाच आवाज. फोन येण्याआधी त्या अधिकाऱ्याने सांगून ठेवलं होतं, काकू, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर पैसे अडकतील. पण रेकॉर्डिंगमध्ये ‘हो’ एवढंच होतं, आणि ते आमच्या विरुद्ध जाणार हे मला आधीपासून ठाऊक होतं. विमा कंपनीच्या बाजूने मी अशी रेकॉर्डिंगं लावलेली आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा मी ती पलीकडून ऐकली.

निकाल फिरला तो आकड्यांवर. बाईंनी पेन्शनची चिठ्ठी समोर धरली : महिना ३१ हजार. त्याच बँकेत पेन्शन जमा होत होती, तरी फॉर्मवर उत्पन्न चौदा लाख. ठेवीचे पैसे निघाल्याची आणि हप्ता वळता झाल्याची तारीख एकच. हप्ता उत्पन्नाच्या दीडपटीहून जास्त. लोकपालांनी विचारलं, धंदा कसला करता? बाई म्हणाल्या, “साहेब, मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. त्यानंतर मी फक्त नातवाचे पाढे घेते.” त्यांचा आवाज अजिबात कापला नाही.

निवाडा आला : दोन्ही पॉलिसी रद्द, सहा लाख परत, व्याज नाही. असा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तीस दिवसांत पाळावा लागतो. पैसे आले. तीन वर्षांचं व्याज बुडालं, ते धरून ग्राहक आयोगात जायचा मार्ग मोकळा होता. बाई नको म्हणाल्या.

माझं ठाम मत आहे की पासष्टीपुढच्या माणसाच्या मुदत ठेवीतून त्याच दिवशी विम्याचा पहिला हप्ता वळता करायला बंदीच हवी. आठ दिवसांचं अंतर ठेवलं तरी निम्मी प्रकरणं जागच्या जागी थांबतील, असा माझा अनुभव सांगतो.

फ्लॅट कोणाचा

मुलाच्या बक्षीसपत्राच्या निमित्ताने आम्ही इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) आणि करार काढला, आणि वेगळंच समोर आलं. फ्लॅट पती-पत्नी दोघांच्या नावे होता. पती २०१९ मध्ये गेले, मृत्युपत्र नव्हतं. सोसायटीत बाई नॉमिनी होत्या, म्हणून शेअर सर्टिफिकेटवर त्यांचं एकट्याचं नाव चढलं, आणि घरातले सगळेच समजून चालले की फ्लॅट पूर्ण बाईंचा.

तसं ते नव्हतं. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात हेच पुन्हा सांगितलं. सोसायट्यांच्या कायद्यातही २०१९ पासून नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासदच धरलं आहे. पतीचा निम्मा हिस्सा हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वर्ग एकच्या वारसांत सारखा वाटला गेला : पत्नी, मुलगा, मुलगी. पतीची आई आधीच वारली होती, नाहीतर चौथा वाटा तिचा झाला असता. म्हणजे फ्लॅटचे सहा भाग केले तर चार बाईंचे, एक मुलाचा, एक मुलीचा. बेळगावला दिलेली मुलगी पाच वर्षं एक षष्ठांश घराची मालकीण होती आणि तिला ते माहीत नव्हतं. अख्ख्या फ्लॅटचं बक्षीसपत्र बाईंना करताच आलं नसतं.

वकीलबाईंनी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. बाईंनी आपले चार भाग मृत्युपत्राने दोघांत सारखे वाटले, तरी शेवटी निम्मं-निम्मंच होतं. मग मुलांनी आपापला हिस्सा आईच्या नावे सोडण्याच्या हक्कसोडपत्राची गरज काय? गरज जिवंतपणीची आहे. उद्या दुखण्यापायी घर विकायची किंवा तारण ठेवायची वेळ आली, तर बाईंना दोन्ही मुलांच्या सह्यांची वाट पाहावी लागेल. मुलीने लगेच होकार दिला. मुलाला तीन आठवडे लागले. आईला अधिक बळ देणारा कागद करायचा, आणि तोही ती फसल्यानंतर, हे त्याला उलटं वाटत होतं.

याच तीन आठवड्यांत, २ जानेवारी २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयाचा ऊर्मिला दीक्षित प्रकरणातला निकाल आला. मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला घर बक्षीस दिलं होतं, सांभाळ करीन असं त्याने वेगळ्या कागदावर लिहून दिलं होतं, आणि पुढे तो सांभाळ झाला नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं, सांभाळ न झाल्यास हस्तांतर रद्द करता येण्याचं, कलम २३ उदारपणे वाचावं, असं म्हणत न्यायालयाने ते बक्षीसपत्र रद्द ठरवलं. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं होतं की सांभाळाची अट हस्तांतराला जोडलेली असल्याचं दाखवावं लागतं. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट कळते : बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘हयातभर सांभाळ आणि राहण्याचा हक्क’ ही अट दस्तातच लिहा, प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात तीच उपयोगी पडते. मी निकालाची बातमी मुलाला पाठवली. त्याने उत्तर दिलं नाही, पण फेब्रुवारीत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तो बहिणीच्या शेजारी उभा राहिला आणि अंगठा टेकवला.

मार्चमध्ये मृत्युपत्र झालं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण बाईंनी ती केली. दोन साक्षीदार, दोघेही लाभार्थी नाहीत, आणि दोघेही चाळिशीतले. आपल्याच वयाच्या मैत्रिणींना साक्षीदार घेतलं तर वेळ येईल तेव्हा साक्ष द्यायला कोण उरणार? डॉक्टरांचा त्याच दिवशीचा दाखला जोडला. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा, म्हणून भाच्याचं नाव घातलं.

घडी

बाकीचं पटकन सांगतो. यूपीआय जोडलेलं खातं वेगळं केलं, त्यात पंधरा हजारांपेक्षा जास्त रक्कम ठेवायची नाही. मुलीबरोबर एक खातं ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने उघडलं, म्हणजे बाई आहेत तोवर व्यवहार फक्त त्यांचाच. नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी टक्केवारीसह लावता येतात, तेव्हा दोन्ही मुलांची नावं निम्मी-निम्मी घातली. आणि दर रविवारी संध्याकाळी मुलगा फोन करतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो : या आठवड्यात कुणाचे फोन आले? हा प्रश्न बाईंनीच सुचवला. “विचारलंस की सांगायला सोपं जातं,” असं त्या म्हणाल्या.

फेब्रुवारीत एकदा मुंबई पोलिसांच्या नावाने व्हिडिओ कॉल आला, तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, तुम्ही डिजिटल अटकेत आहात. अशी अटक कायद्यात नाही. बाईंनी फोन ठेवला, नंबर वहीत लिहिला, आणि बुधवारी तो आम्ही संचार साथी या सरकारी पोर्टलच्या ‘चक्षू’ सुविधेवर नोंदवला.

आरोग्य विम्याचं मात्र पुरतं सावरलेलं नाही. १ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी सगळ्या वयोगटांसाठी पॉलिसी ठेवाव्यात असा नियम आहे, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये बाईंना ती मिळाली, जुनीच्या जवळजवळ दुप्पट हप्त्याला. सत्तरीपुढच्या सर्वांसाठी केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू केलेलं आयुष्मान वय वंदना कार्डही आधारवर काढून घेतलं. त्यात पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात, तेही यादीतल्या रुग्णालयांत. नव्या पॉलिसीत रक्तदाब आणि मधुमेहासाठी छत्तीस महिन्यांची प्रतीक्षा आहे. ती डिसेंबर २०२७ मध्ये संपेल. तोवर त्या दोन दुखण्यांपायी काही झालं तर कार्ड, पोस्टातले ते पाच लाख, आणि परत आलेले सहा लाख. निळ्या पिशवीत आता एवढेच कागद आहेत, सगळे फोडलेले.